ट्रॅक्टर आणि जेसीबीला रात्रीच्या कामासाठी एलईडी फोकस कोणता घ्यावा?

धानवाला_मौदा

राजे हो, नमस्कार. ट्रॅक्टरला रात्रीच्या कामासाठी एलईडी फोकस लावायचे आहेत, दुकानात जाऊन डोकं फिरून राहिलं म्हणून इथे विचारतो. आमच्या मौद्याकडे धानाची रोवणी लागली की नहराचं पाणी ज्या पाळीला येते त्याच पाळीत बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तयार कराव्या लागतात, मग चिखलणी अर्ध्या रात्रीपर्यंत चालते. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, मागे रोटाव्हेटर. समोरचे हेडलाइट ठीक आहेत पण मागे रोटाव्हेटर कसा चालून राहिला, धुरा, म्हणजे शेताचा बांध, किती जवळ आला, काही म्हणजे काही दिसत नाही. भावाचा जेसीबी बुटीबोरीकडे साइटवर असते, त्यालाही लावायचे. दुकानवाला एक डबा दाखवते १८ वॅटचा, दुसरा ७२ चा, तिसरा १८० चा, आणि तिन्ही हातात घेतले तर वजन जवळपास सारखंच. किती वॅटचा घेऊ, किती नग लावू, गोल की चौकोनी की लांब पट्टी, कोणी सविस्तर सांगा.

रिले_८७

भाऊ, पहिले तर डब्यावरचा वॅट विसरून जा. मी कामठी रोडवर ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, हे फोकस रोज हातातून जातात. स्वस्त मालावर जो वॅट छापलेला असते तो आतले दाणे, म्हणजे एलईडी चिप, गुणिले एका दाण्याची कागदावरची क्षमता असा हिशोब असते. २४ दाणे, प्रत्येकी ३ वॅट, झाले ७२. खरं म्हणजे आतला ड्रायव्हर, म्हणजे दाण्यांना करंट देणारं सर्किट, तेवढा करंट सोडतच नाही, आणि सोडला तर त्या पातळ बॉडीतून गर्मी बाहेर निघणार नाही, दाणे काळे पडतील. वजन सारखं लागलं म्हणता ना, तेच पाहायचं असते. मागे जाड फिनवाली, म्हणजे गर्मी बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांची, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी नसेल तर १८० वॅट त्याच्यात राहूच शकत नाही.

खरा वॅट काढायला मल्टिमीटर पुरते. १० अँपिअरच्या खाचेत लाल पिन टाकायची, फोकसच्या प्लस वायरमध्ये मीटर सिरीजला घ्यायचा आणि करंट पाहायचा, मग बॅटरीवर व्होल्टेज पाहून दोघांचा गुणाकार करायचा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ व्होल्ट असते, म्हणजे खरा ७२ वॅटचा फोकस ५ अँपिअरच्या वर खाल्ला पाहिजे. मीटरनं १.४ दाखवला तर तो १९ वॅटचा फोकस आहे, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. दुकानात बॅटरी असतेच, समोर मोजून दाखवा म्हणावं. जो दुकानदार मोजू देते त्याच्याकडूनच घ्या.

आणि वॅट म्हणजे तो किती खाते एवढंच, उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. त्यातही दोन आकडे असतात, एक दाण्याचा कागदावरचा आणि एक काचेतून प्रत्यक्ष बाहेर पडणारा. चांगल्या कंपन्या दुसरा आकडा देतात, तो पहिल्यापेक्षा बराच कमी असते आणि तोच खरा. ढोबळ हिशोब सांगतो, चांगल्या फोकसमधून दर वॅटला ८० ते १०० ल्युमेन बाहेर पडले तरी भरपूर झालं. म्हणजे खरा २० वॅटचा फोकस १६०० ते २००० देते. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब १५०० च्या आसपास देते आणि त्यातला बराच रिफ्लेक्टरमध्येच जिरते. तेव्हा १८ वॅटच्या डब्यावर दहा हजार ल्युमेन छापलेलं दिसलं तर डबा परत ठेवून द्या.

धानवाला_मौदा

हे कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे १८० वॅटच्या मागे लागू नको? मग मागे दोन २० चे पुरतील?

खाण_मेकॅनिक

पुरतील, पण कोणत्या जागी आणि कोणत्या बीमचे यावर. मी उमरेडकडे ओपनकास्ट कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये आहे, डोझर, लोडर, डंपर सगळ्यांच्या लाइट आमच्याकडेच येतात. माझं मत सरळ आहे, वॅटचा प्रश्न शेवटी विचारायचा, पहिला प्रश्न हा की तुम्हाला नेमकं काय पाहायचं आहे आणि ते किती लांब आहे.

तुमचा रोटाव्हेटर सीटपासून दोन-तीन मीटरवर. तिथे स्पॉट बीम लावला तर एक पांढरा गोळा पडेल आणि आजूबाजूला आधीपेक्षा जास्त अंधार वाटेल, कारण डोळा त्या गोळ्याला सरावते आणि बाजूचा धुरा दिसेनासा होते. जवळच्या कामाला फ्लड घ्या, ६० अंशाच्या वर पसरणारा. स्पॉट लांबचं पाहायला, उदाहरणार्थ बांधीच्या दुसऱ्या टोकाला धुरा कुठे आहे ते. कॉम्बो म्हणून जे विकतात त्यात मधले दाणे स्पॉट आणि बाजूचे फ्लड असतात, ते समोर छतावर ठीक, मागे नको. उजेडाचं असं आहे की अंतर दुप्पट झालं की तो चौथाईवर येते, म्हणून लांब पाहायचं असेल तर वॅट वाढवण्यापेक्षा बीम अरुंद करणं कामाचं.

मागचे दोन फोकस एकाच जागी शेजारी शेजारी लावू नका. छताच्या मागच्या दोन कोपऱ्यांत लावा, तोंड किंचित आत आणि खाली, म्हणजे दोघांचे बीम रोटाव्हेटरवर एकमेकांवर चढतात आणि एकाची सावली दुसरा खातो. एकच मोठा फोकस मधोमध लावला की तुमच्या सीटची, टॉपलिंकची, मडगार्डची काळीकुट्ट सावली नेमकी कामाच्या जागी पडते. मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे जागेवर पडणारा उजेड, मोजायचं फुकट अ‍ॅप असते, आकडा तंतोतंत नसतो पण बांधीत चार-पाच जागी फोन ठेवून तुलना करायला चालते. जिथे एका जागी खूप जास्त आणि बाजूला एकदम कमी दाखवेल तिथे फोकसचं तोंड फिरवा. सगळीकडे सारखा उजेड असला की कमी वॅटमध्येही डोळे थकत नाहीत.

काटोल_संत्रा

मी काटोलकडे बागेत रात्री पाणी देते, दिवसा लाइन नसते तेव्हा रात्रीच जावं लागते. फोकसच्या रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, ६००० केल्विनच्या वरचा निळसर पांढरा उजेड दुकानात भारी दिसते पण पावसाळ्यात शेतात लावला की किड्यांचा नुसता ढग येते, ट्रॅक्टरवर बसवत नाही, तोंडात जातात. ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर लावला तर किडे खूप कमी येतात. धानाच्या बांधीत तर पाणी आहे, तिथे किडे आणखीच. दादांनी मागचे दोन तरी पिवळसर घ्यावे असं मला वाटते. आणि धूर, धूळ, धुकं असलं तरी पिवळसर उजेड डोळ्याला कमी टोचते.

खाण_मेकॅनिक

ताईंचं बरोबर आहे. फक्त धुळीबद्दल एक भर घालतो. धुळीत समोर पांढरी भिंत उभी राहते ती रंगापेक्षा जास्त फोकसच्या जागेमुळे. फोकस तुमच्या डोळ्याच्या अगदी जवळ, म्हणजे छताच्या समोरच्या कडेला डोक्याच्या वर असला की धुळीच्या कणांवरून उजेड सरळ तुमच्याकडेच परत येते. तोच फोकस बाजूला किंवा खाली नेला की परतणारा उजेड डोळ्यात कमी शिरते. आमच्याकडे हॉलरोडवर, म्हणजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्यावर, टँकर पाणी मारत असते तरी उन्हाळ्यात धूळ उठतेच, तेव्हा ऑपरेटर छतावरचे बंद करून बंपरवरचे चालू ठेवतात. म्हणून समोरच्या छतावरच्या आणि खालच्या लाइटला वेगवेगळी बटणं पाहिजेत, सगळं एका बटणावर टाकू नका. बोनेटवर उजेड पडून चमक येत असेल तर फोकस थोडा पुढे सरकवायचा, वरून पट्टी लावून कडेचा उजेड अडवला तरी चालते.

आणि कोणी हे फोकस जमिनीखालच्या कोळसा खाणीत न्यायचा विचार करत असेल तर अजिबात नको. तिथे गॅस असते, डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, मंजुरी असलेली ज्वालारोधक लाइटच चालते. आपण इथे बोलून राहिलो ते फक्त उघड्यावरच्या मशीनबद्दल.

हायवा_भंडारारोड

मी ड्रायव्हर आहे, भंडारा रोडनं रोज रात्री येणं-जाणं. हात जोडून सांगतो, शेतात काय लावायचं ते लावा पण रोडवर आले की मागचे पांढरे फोकस बंद करा. मौद्याच्या पुढे रात्री असे ट्रॅक्टर नेहमी भेटतात, मागे दोन पांढरे फोकस चालू, ट्रॉली भरलेली. मागून येणाऱ्याला वाटते की समोरून गाडी येऊन राहिली, तो डावीकडे दाबते, आणि तिथे ट्रॉली असते. पांढरा उजेड पाहून मेंदूला कळत नाही की ही गाडी पुढे जाऊन राहिली की आपल्या अंगावर येऊन राहिली. डोळ्यासमोर एवढा उजेड असला की ट्रॉलीचा मागचा काठ दिसतच नाही. माझ्या समोर झालेला अपघात आहे, म्हणून एवढं लिहून राहिलो.

रिले_८७

ड्रायव्हर दादा, मी तर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे बजावतो. कायद्यातही आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील असा दिवा चालत नाही आणि गाडीच्या समोर स्पॉटलाइट, सर्चलाइट लावायला परवानगी लागते.

पण बटण बंद करायचं माणूस विसरते, त्यामुळे वायरिंगमध्येच सोय करून ठेवा. पाच पायाचा रिले, म्हणजे बारीक करंटवर मोठी लाइन जोडणारा-तोडणारा स्विच, मिळते, त्यात ८७ए म्हणून एक पाय असते, तो रिले बंद असताना जोडलेला आणि रिले चालू झाला की तुटलेला. फोकसच्या बटणाची जी बारीक ट्रिगर वायर मुख्य रिलेला जाते ती या छोट्या रिलेच्या ३० आणि ८७ए मधून न्यायची, आणि या छोट्या रिलेची कॉइल, म्हणजे ८५-८६, हेडलाइटच्या लाइनवर घ्यायची. हेडलाइट लावला की मागचे फोकस आपोआप बंद. चिखलणीत पुढचं पाहायला समोर वेगळे फोकस लावणारच आहात तर तिथे हेडलाइट बंद ठेवून काम होते. रोडवर हेडलाइट लावावाच लागते, तेव्हा विसरायचा प्रश्नच नाही.

धानवाला_मौदा

हे मले पाहिजेच. भंडारा रोडवरून कळमन्याला माल घेऊन जावं लागते तेव्हा मागून ट्रक किती जवळ येतात ते मी पण पाहतो. आता वायरिंग कोणती, फ्यूज किती, ते सांगा. आणि चार फोकसनं बॅटरी उतरणार तर नाही?

रिले_८७

चार फोकस खरे २५ वॅटचे धरले तर १०० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ८-९ अँपिअर. ४५-५० एचपी ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बहुतेक ३५-४० अँपिअरचा असते, त्यामुळे इंजिन चालू असताना काही अडचण नाही. इंजिन बंद करून गप्पा मारत बसलात आणि फोकस चालू राहिले तर मात्र सकाळी ढकलावं लागेल, त्यासाठी बटणाची लाइन चावीवरून घ्या.

हेडलाइटच्या वायरला टॅप मारून चार फोकस लावणारे कारागीर आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. बॅटरीच्या प्लसवरून सरळ वेगळी लाइन, बॅटरीपासून एका वितीच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, मग रिले, मग फोकस. फ्यूज बॅटरीजवळच का, तर वायर बोनेटखाली कुठे घासून बॉडीला टेकली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा जळतच राहते, म्हणून तो तुकडा जेवढा छोटा तेवढा बरा.

वायर तांब्याची २.५ स्क्वेअर एमएम. यात कंजूषी केली तर काय होते ते पाहा, जाऊन-येऊन १० मीटर वायर धरा आणि ९ अँपिअर, तर २.५ मध्ये पाऊण व्होल्टच्या आतच पडते, पण ०.७५ ची बारीक वायर टाकली तर दोन व्होल्टच्या वर पडते. आणि एलईडीच्या चांगल्या ड्रायव्हरला व्होल्टेज कमी मिळालं की तो तेवढाच वॅट पुरा करायला करंट आणखी ओढते, मग वायर आणखी तापते. मायनससाठीसुद्धा वेगळी वायर बॅटरीपर्यंत किंवा इंजिनच्या अर्थपर्यंत आणा. छताला स्क्रू मारून बॉडी अर्थ घेतला की एका पावसाळ्यात गंज लागते आणि लाइट मिणमिणायला लागते. जोड क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवायची. नुसत्या सोल्डरचा जोड ट्रॅक्टरच्या थरथरीत कडेला तुटते. नुसती काळी टेप तर नागपूरच्या मे महिन्यात वितळून गोंद होऊन जाते.

काटोल_संत्रा

धुण्याबद्दल पण सांगा ना. प्रेशर पंपानं ट्रॅक्टर धुतला की आमच्या फोकसच्या काचेत आतून पाणी दिसते.

खाण_मेकॅनिक

ताई, आयपी हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा असते, आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालते. पण प्रेशर पंपाची धार ही बुडण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, ती सीलच्या फटीतून पाणी आत ढकलते. त्यासाठी आयपी ६९के असते, त्याची चाचणी ८० अंश गरम पाण्याच्या, ८० ते १०० बार दाबाच्या धारेनं होते. ज्या मशीनची रोज धुलाई होते तिला ६९के घ्या, बाकी शेतातल्या ट्रॅक्टरला चांगला ६७ पुरते, फक्त धार फोकसवर सरळ मारू नका.

आणखी एक, गरम फोकसवर थंड पाणी टाकू नका. आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते. चांगल्या फोकसला मागे एक छोटा ब्रीदर असते, त्यातून हवा जाते-येते पण पाणी जात नाही. नसेल तर फोकस बंद करून निवल्यावरच धुवा.

फिनमध्ये चिखल साचू देऊ नका. एलईडीची काच थंड लागते म्हणून लोकांना वाटते की ती गरम होत नाही, पण सगळी गर्मी मागून निघते, आणि फिन चिखलानं बुजली की आतलं तापमान वाढते. चांगल्या फोकसमध्ये सेन्सर करंट कमी करून दाणे वाचवते, म्हणजे उजेड हळूहळू कमी होते. स्वस्तात तो सेन्सर नसतो, सरळ दाणे जातात. घेताना अर्धा तास चालू ठेवून पाहा, सुरुवातीचा उजेड आणि अर्ध्या तासानंतरचा, मोबाइलनं लक्स मोजून. थंडीत घेतलेला मालही असाच तपासा, कारण तो वापरायचा जूनच्या उकाड्यात आहे.

हायवा_भंडारारोड

मालकाच्या टिपरला लावायचे आहेत, २४ व्होल्ट. डब्यावर १० ते ३० लिहिलं आहे, चालेल?

रिले_८७

२४ व्होल्टची गाडी चालू असताना २८ वर असते, आणि मोठा लोड सुटला किंवा बॅटरीचा टर्मिनल सैल झाला की अल्टरनेटर त्याच्या वरचे झटके मारते. ३० ची मर्यादा फार काठावर आहे. ९ ते ३६ लिहिलेला, उलट जोडणीपासून आणि झटक्यापासून संरक्षण असलेला घ्या. जेसीबीचं धानवाले भाऊंनी मशीनच्या प्लेटवर पाहून घ्यावं, बॅकहो बहुतेक १२ व्होल्टचे असतात, मोठे पोकलेन २४ चे.

वॉकीटॉकी किंवा रेडिओ वापरत असाल तर फोकस लावल्यावर खरखर येते का तेही पाहा. स्वस्त ड्रायव्हर रेडिओच्या लहरीत फार गडबड करते. ज्यावर सिस्पर २५ (CISPR 25, रेडिओत होणाऱ्या गडबडीची मर्यादा) ची चाचणी लिहिली असते तो घेतला तर हा त्रास वाचते.

खाण_मेकॅनिक

जेसीबीला छतावर चार समोर, चार मागे असं करतात, पण मागे बकेटनं खड्डा खोदताना बूमची सावली सरळ खड्ड्यात पडते. त्यावर उपाय म्हणजे एक छोटा फ्लड डिपरच्या, म्हणजे बूम आणि बकेटमधल्या दांड्याच्या, बाजूला, वायर होजपाइपच्या सोबत स्पायरल स्लीव्हमध्ये, आणि बूम पूर्ण वर-खाली, पूर्ण आत-बाहेर करून वायर कुठे ताणली जाते का पाहायची. फोकस बकेटच्या फार जवळ नको, दगड लागतात. काच पॉलिकार्बोनेटची असावी.

मळणी यंत्रावर गावातल्या लाइनवरचे २३० व्होल्टचे स्वस्त एलईडी लावणाऱ्यांनीही एक सांभाळा. त्यातले काही सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही, पण फिरती पुली त्या उजेडात थांबल्यासारखी किंवा उलटी फिरल्यासारखी दिसू शकते. हात घालायला माणूस तयार होते. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा, उजेड मिचमिचताना दिसला तर तो दिवा फिरत्या यंत्राजवळ नको.

धानवाला_मौदा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी आता असं ठरवून राहिलो: मागे दोन पिवळसर फ्लड, समोर छताच्या बाजूला दोन, खरे २०-२५ वॅटचे, दुकानात मोजून. ब्रॅकेट छताच्या पाइपला वेल्डिंग करून घेऊ का?

रिले_८७

वेल्डिंग नको. छत पलटी-संरक्षणाचं, म्हणजे रोप्सवालं असेल तर त्याला भोक पाडणं आणि वेल्डिंग दोन्ही वर्ज्य, त्याची ताकद जाते. साधी कॅनोपी असली तरी क्लॅम्पच लावा, मागे-पुढे तोंड फिरवायला सोपं जाते, आणि पहिल्या रात्री बांधीत उभं राहून अँगल बदलावाच लागते. क्लॅम्पच्या आत रबर, स्टेनलेस बोल्ट, नायलॉन नट. मशीनवर दुसरीकडे कुठेही वेल्डिंग करायची असेल तर आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि फोकसचे कनेक्टर काढा, नाहीतर ड्रायव्हर जाते.

ट्रॉलीला मागे लाल, समोर पांढरी, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर पट्टी याच फेरीत लावून घ्या, मागचे फोकस बंद असले की तीच दिसणार आहे. आणि येताना कॅनोपीच्या पाइपचा बाहेरचा व्यास मोजून आणा, क्लॅम्प त्याच मापाचा लागते.